तिसरं पॉलिहाउस

महिपती खोटं बोलत नाही, हे वाडीत कौतुकानं कमी आणि हसून जास्त सांगितलं जायचं. परंदवडीच्या शिवेला लागून तीस-पस्तीस उंबऱ्यांची ही वाडी. तिथं कुणाचा बांधावरून वाद लागला की लोक म्हणायचे, "महिपतीभाऊला विचारा. त्यो आपलं नुकसान करून खरं सांगंल." यात मान किती आणि टोमणा किती, हे त्याला सत्त्याहत्तराव्या वर्षीही नीट उमगलेलं नव्हतं.

झालं होतं असं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मोठा रस्ता निघाला आणि वाडीतल्या निम्म्या घरांच्या जमिनीचे पट्टे त्यात गेले. जमिनीचा भाव ठरलेला होता, पण तिच्यावरची झाडं, विहीर, गोठा यांची भरपाई वेगळी मिळणार होती. एवढं कळल्यावर माणसं गप्प बसतात होय? मोजणीच्या आधी आठ दिवस तळेगावकडून टेम्पो भरभरून आंब्याची रोपं येऊ लागली. वीतभर रोप, हातभर अंतर. काहींनी ती काळ्या पिशवीसकट पुरली. एकानं तर रोपांचाही खर्च वाचवला, नुसत्या डहाळ्या तोडून ओळीनं खोचल्या. महिपतीचा बांधशेजारी गेणू याच्या रानात गोठा नव्हता. त्यानं चार मेढी रोवल्या, वर पत्रे टाकले आणि सासुरवाडीची म्हैस आणून बांधली. मोजणीदार आले, म्हशीकडं पाहिलं, लिहून घेतलं. गेणूची दोन झाडं कागदावर पस्तीस झाली.

मग मोजणीदार महिपतीच्या रानात आले.

"झाडं किती?"

"अकरा. त्यातली रस्त्यात जात्यात ती सहा."

"अजून काही? नीट आठवून सांगा."

त्या माणसानं हे दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना तो जरा थांबला, महिपतीच्या तोंडाकडं बघत राहिला. एवढा इशारा आंधळ्यालाही कळला असता. महिपती म्हणाला, "न्हाई. सहाच." त्या वेळी नववीत असलेला त्याचा मुलगा कैलास फितीचं दुसरं टोक धरून शेजारीच उभा होता.

गेणूचं स्लॅबचं घर उभं राहिलं. महिपतीचं पत्र्याचं घर पत्र्याचंच राहिलं. त्याची बायको रतनबाई भांडणारी बाई नव्हती. पण श्रावणात पत्रा गळायला लागला की ती धारेखाली पातेलं ठेवायची आणि "सहा झाडं" एवढंच म्हणायची. वर्षातून आठ-दहा वेळा. उरलेली पाच झाडं तिनंच लग्न होऊन आल्यावर कोयी रुजवून लावलेली होती. त्यातलं विहिरीजवळचं तिचं विशेष लाडकं. त्याचे आंबे आंबट होते, तरी ती ते पाहुण्यांना कौतुकानं वाटायची.

कैलास मोठा झाला तो गुलाबाच्या पॉलिहाउसात. बारावीनंतर तळेगावच्या बाजूला एका फुलांच्या कंपनीत लागला. पाण्याचे पाइप ओढणाऱ्या गड्यापासून सुरुवात करून पाच-सहा वर्षांत सुपरवायझर झाला. पानाची मागची बाजू अंगठ्यानं चोळून तो कीड आहे की खत कमी पडलंय ते सांगायचा. फेब्रुवारीत चौदा तारखेची फुलं परदेशी जायची, तेव्हा तो दहा-दहा दिवस घरी यायचा नाही. आला की हाताला काट्यांचे ओरखडे, अंगाला औषधाचा वास. त्याची बायको अनिता म्हणायची की गुलाबाला सवत म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

पुढं त्या कंपनीनं आफ्रिकेतल्या एका देशात जमीन घेतली आणि कैलासला तिकडं नेलं. त्या देशाला नाव आहे, पण वाडीत सगळे त्याला आफ्रिकाच म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. सहा वर्षांनी मालकाचं मन तिथून उडालं. त्यानं सगळं तुकड्या-तुकड्यानं विकायला काढलं, आणि कैलासनं त्यातली दोन पॉलिहाउसं विकत घेतली. जमीन करारानं, वरचा सांगाडा, प्लॅस्टिकचा कागद, रोपं स्वतःची. सहा वर्षांची शिल्लक त्यात गेली, अनिताचं सोनं गेलं आणि रतनबाईची बोरमाळही गेली. माळ काढून देताना रतनबाई म्हणाली होती, "गळ्यात काय, काळे मणी बास हायेत. तू फुलं लाव."

तीन वर्षं फुलं लागली. कैलास फोनवर सांगायचा, आज इतक्या पेट्या गेल्या, आज पहाटे धुकं होतं, इथली माती आपल्या पवनेच्या काठासारखी आहे. एकदा त्यानं फोटो पाठवला. पॉलिहाउसच्या निळ्या दारात तो उभा, दोन्ही बाजूंना फुलांच्या बादल्या. महिपतीनं तो मोठा करून घेतला आणि देवाच्या फळीशेजारी लावला. तिसरं पॉलिहाउस काढतोय असंही त्यानं कळवलं होतं. खांबांचे खड्डे झालेत, पाइप येऊन पडलेत, पाऊस ओसरला की उभं करणार.

पाऊस ओसरायच्या आत तिथलं सरकार पडलं. नव्या लोकांनी जाहीर केलं की परक्यांची सगळी फुलशेती आता देशाची. दोन गाड्या भरून शिपाई आले आणि त्यांनी कैलासला कपडे घ्यायला अर्धा तास दिला. तो एक बॅग आणि जमिनीच्या कराराची झेरॉक्स घेऊन घरी आला. नऊ वर्षांचा संसार त्या बॅगेत होता, आणि तीही पुरती भरलेली नव्हती.

गावाला मात्र हे पटलं नाही. पटावं कसं? माणसाची जमीन सरकार घेतं तेव्हा आधी नोटीस येते, मोजणी होते, झाडं मोजतात, कमी का होईना पण काहीतरी हातात पडतं, हे वाडीनं डोळ्यांनी पाहिलेलं. अर्ध्या तासात सगळं जातं आणि कुणी एक झाडसुद्धा मोजत नाही, असं कुठं असतं? मग मारुतीच्या पारावर दुसऱ्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी म्हणालं जुगारात घातलं, कुणी म्हणालं तिकडं दुसरं घर केलं असंल. तो निळ्या दाराचा फोटोसुद्धा इथल्याच कुठल्या तरी पॉलिहाउसचा असणार, दार काय कुठंही निळं असतं. हे कैलासच्या कानावर जात होतं. तो पारावर जायचा बंद झाला. एकदा जेवताना तो घास हातात धरून म्हणाला, "आबा, पैसं गेलं त्याचं मी बघून घेईन. पण व्हतं म्हणून कुणीतरी म्हणावं. नुसतं व्हतं म्हणावं." महिपतीला तो घास आठवतो. भाकरीचा आणि पावट्याच्या आमटीचा. तो परत ताटात गेला.

दोन-अडीच वर्षांनी बातमी आली की तिथं पुन्हा सरकार बदललंय आणि त्यांनी आपल्या सरकारशी बोलणी केली आहेत. ज्या भारतीयांचं तिथं काही जप्त झालं, त्यांनी दिल्लीला दावा लावायचा. कमिटी तपासणार, आणि जे खरं ठरेल त्याची भरपाई मिळणार. कैलासची मुलगी सृष्टी तेव्हा अकरावीत होती. तिनं मैत्रिणीचा लॅपटॉप आणला आणि एका संध्याकाळी घरातले सगळे त्याच्याभोवती बसले. रतनबाई आजारी होती, ती खाटेवरून ऐकत होती.

सृष्टी एकेक रकाना वाचत होती. नाव, पासपोर्ट, कराराचा नंबर. मग तिनं विचारलं, "पप्पा, पॉलिहाउस किती?"

"दोन."

उंबऱ्यात बसलेला महिपती म्हणाला, "तीन लिव."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"तिसरं झालंच न्हाई आबा," कैलास म्हणाला. "नुसते खड्डे व्हते."

"खड्डे व्हते ना? पाइप येऊन पडले व्हते ना? मग पॉलिहाउस व्हतं."

"ते लिवायला खाली येगळी जागा हाय. सामान किती, खर्च किती."

"असल्या जागंत लिवलेलं कोण बघत न्हाई." महिपती आत येऊन बसला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट विनवणीचा होता. "कैलास, मी सहा सांगितली तवा तू तितं उभा व्हतास. गेणूनं पस्तीस सांगितली. आज त्येचं घर बघ, ह्ये बघ. तुझ्या आईनं सगळा जन्म पातेली सरकवण्यात घालवला. सरकार कुठलं बी असूंदे, मागशील त्यातलं कापूनच देतं. दोन मागशील तर एक हातात पडंल. तीन माग, म्हंजे दोन मिळतील. तुझं जेवढं हाय तेवढंच मिळावं म्हणून सांगतोय. जास्तीचं कुठं मागतोय आपण?"

खाटेवरून रतनबाई म्हणाली, "ऐक त्येंचं. जन्मात पयल्यांदा शहाण्यासारखं बोलायलेत."

महिपतीला त्या वाक्यानं किती बरं वाटलं, हे इथं लिहिलं पाहिजे. बायकोनं पंचवीस वर्षांनी त्याला त्या सहा झाडांची माफी दिली होती. तो मान खाली घालून हसला. कैलासनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि मुलीला म्हणाला, "कर तीन."

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. सृष्टीनं तीही वाचून दाखवली. यातलं एकही विधान खोटं निघालं तर सगळा दावा रद्द होईल. अनिता म्हणाली, असं सगळ्याच फॉर्मवर असतं. ते खरंही होतं. रस्त्याच्या वेळच्या कागदांवरही असंच होतं आणि त्यावर गेणूचा अंगठा होता. दुसऱ्या दिवशी वडगावला जाऊन कैलासनं नोटरीपुढं प्रतिज्ञापत्रावर सही केली.

त्या थंडीत रतनबाई गेली. सरणाला लाकडं कमी पडत होती, तेव्हा कैलासनं कुऱ्हाड घेतली आणि विहिरीजवळचा आंबा तोडला. तिच्या हातचं झाड तिच्याबरोबर गेलं. बाराव्याला पाहुणे म्हणाले की हे चांगलं केलंत.

मग वाट बघणं सुरू झालं, ते दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत महिपतीची चाल बदलली होती. पारावर जाऊन बसायला लागला. गेणूच्या कानात त्यानं एकदा सांगूनही टाकलं की आम्ही तीन लिहिलंय. गेणूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिकला की रे! लय उशिरा, पर शिकला." महिपती घरी येऊन रतनबाईच्या फोटोला हे सांगणार होता, पण मग त्याला लाज वाटली आणि त्यानं नुसती फुलं बदलली.

दिल्लीचं पाकीट आलं तेव्हा दुपार होती. कैलासनं ते गोठ्याच्या भिंतीशी उभं राहून वाचलं, घडी घातली आणि घरात येऊन म्हणाला, "नामंजूर झालं. कागद कमी पडलं." पुढच्या आठवड्यात तो लोणावळ्याला कामाला लागला. भुशीच्या वाटेवर मुंबईच्या कुणा शेठचा बंगला होता, तिथं माळी म्हणून. सकाळी बेगडेवाडीहून लोकल धरायची, संध्याकाळी परत यायचं. पारावर त्या दिवशी निकाल लागला. बघा, आपण म्हणत होतो, तिकडं काही नव्हतंच. आता तर सरकारनंच सांगितलं.

महिपतीच्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. कागद कमी पडले. अरे, कागद कमी पडले तर आणता येतात. सात-बारा, फेरफार, दाखले आणण्यासाठी वडगावच्या कचेरीचे उंबरे झिजवण्यात त्याचा सगळा जन्म गेला होता. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे कैलासला काय माहीत. एक दिवस घरी कुणी नाही असं बघून त्यानं ट्रंकेतून ते पाकीट काढलं आणि कॉलेजातून आलेल्या सृष्टीपुढं धरलं.

"बघ गं, कुठला कागद कमी पडला. मी आणतो."

सृष्टीनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "आबा, राहू दे ना."

"आगं, तुझ्या बापाला ह्यातलं काय कळत न्हाई. तू वाच."

"कागद कमी नाही पडले आबा. तीन लिहिलं होतं आपण. त्यांनी वरून काढलेला फोटो बघितला. त्यात दोनच आहेत. म्हणून सगळंच रद्द केलंय."

"दोन हायेत म्हणत्यात, मग दोनाचं द्यायला काय?"

"खोटं विधान आहे म्हणून सगळंच. ती खालची ओळ होती ना."

पाकिटात शेवटी तो फोटोही होता. आकाशातून काढलेला, तारीख घातलेला, शिपाई येण्याच्या पंधरा दिवस आधीचा. सृष्टीनं बोटानं दाखवलं. करड्या जमिनीवर दोन लांब पांढऱ्या पट्ट्या, शेजारी शेजारी, सरळ. त्यांच्या बाजूला रिकामी जागा, आणि त्या जागेत बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी. महिपतीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते खड्डे होते. कैलास म्हणाला होता तसेच, ओळीत. आपल्या मुलाची पॉलिहाउसं महिपतीनं पहिल्यांदा अख्खी पाहिली ती अशी, ती नाकारणाऱ्या कागदावर. मुलाचा शब्दन् शब्द खरा होता. खोटं होतं ते फक्त बापाचं.

तो दिवस त्यानं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यानं धोतर बदललं, टोपी घातली आणि कुणाला न सांगता लोणावळ्याची लोकल धरली. स्टेशनवरून विचारत विचारत, दोनदा चुकत, तो त्या बंगल्याशी पोचला. सुट्टीचा दिवस नव्हता, बंगला बंद होता. फाटकातून त्याला कैलास दिसला. उकिडवा बसून तो शेठच्या गुलाबांच्या फांद्या छाटत होता. ज्याच्या हाताखाली दोनशे बायका फुलं कापायच्या, तो इथं बारा कुंड्या राखत होता. महिपतीला आत जाववेना. शेवटी कैलासनंच वळून पाहिलं.

"आबा? हितं कसं? घरी काय झालं का?"

"काय न्हाई झालं." महिपती फाटकाच्या आतल्या दगडावर बसला. कैलासनं पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर महिपती म्हणाला, "मी फोटू बघितला."

कैलासनं कात्री खाली ठेवली.

"तू मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगायचं आबा."

"माझ्यामुळं गेलं म्हणून सांगायचं. शिव्या द्यायच्या."

"सही माझी हाय," कैलास म्हणाला. "मला कळत व्हतं ना. मी काय ल्हान व्हतो? आईला तवा लय बरं वाटलं व्हतं. तुमाला बी. म्हणून केली मी." त्यानं कात्रीचं पातं उगाच पुसलं. "आन खरं सांगू का, मलाबी वाटलं व्हतं की तुमचंच बराबर आसंल. सहा झाडं मी बी बघितलीवती."

कैलासनं डबा उघडला, अर्धी भाकरी बापाला दिली. महिपतीनं ती हातात धरली. खाल्ली नाही. कैलास रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. रागावलेल्या माणसाच्या पाया तरी पडता येतं.

घरी येऊन त्यानं सृष्टीकडून दिल्लीला पत्र लिहून घेतलं. तिनं ते हिंदीत लिहिलं. मी महिपती, वय इतकं, तिसरं पॉलिहाउस मी सांगितलं, मुलगा नको म्हणत होता. दोन खरी आहेत, तुमच्याच फोटोत आहेत. शिक्षा करायची तर मला करा. सृष्टी म्हणाली, शिक्षेचं नको लिहूया. तो म्हणाला, लिव. पत्र रजिस्टरनं गेलं. महिन्यानं छापील उत्तर आलं, त्यात महिपतीचं नावसुद्धा नव्हतं. दावा क्रमांक अमुक बंद करण्यात आला आहे.

मग त्याला वाटलं, दिल्ली राहू दे, निदान वाडीला तरी दाखवावं. तो आकाशातून काढलेला फोटो घेऊन पारावर गेला. "ह्ये बघा. दोन. सरकारनं काढलेला फोटू हाय." गेणूचा नातू गौरव एका कंपनीत नोकरीला होता, त्याला इंग्रजी यायचं. त्यानं फोटोकडं एकदा पाहिलं आणि फोटोखालचा मजकूर मोठ्यानं वाचला. "इथं खोटा दावा असं लिहिलंय आजोबा." तो मुलगा वाईट नव्हता, जे होतं ते त्यानं वाचलं. पण पारावरची माणसं एकमेकांकडं बघून हसली. पंचवीस वर्षं ज्या एका गोष्टीवरून ती महिपतीला हसत होती, ती गोष्टही आता त्याच्याकडं उरली नव्हती. त्यानं फोटोची घडी घातली आणि घरी आला.

यंदा रिंगरोडची मोजणी निघाली. महिपतीच्या उरलेल्या रानातला एक कोपरा त्यातही जाणार होता, विहीर आणि आंब्यांसकट. पुन्हा टेम्पो आले, पुन्हा काळ्या पिशव्यांतली रोपं आली. गेणू आता काठी टेकत चालायचा, तरी रोपांच्या ओळीवर उभा राहून गड्यांना सांगत होता. तो महिपतीला म्हणाला, "तुझ्यात बी दोन ओळी लावून देतो. माझ्याकडं उरल्यात." त्याच्या परीनं त्यानं माया केली होती. महिपतीनं नुसती मान हलवली, नको म्हणून.

मोजणीच्या दिवशी कैलासनं रजा काढली. मोजायला एक तरुण मुलगी आली होती, पाय असलेलं यंत्र आणि हातात पाटीसारखा टॅब घेऊन. ती अदबीनं बोलायची. वाडीतले सातआठ जण मागं मागं फिरत होते. महिपतीच्या बांधाशी येऊन तिनं विचारलं, "आबा, झाडं किती आहेत?"

महिपतीनं कैलासकडं पाहिलं. कैलास जमिनीकडं बघत होता. आता यापुढं मरेपर्यंत जे आहे तेच बोलायचं, असं महिपतीनं रतनबाईच्या फोटोपुढं ठरवलं होतं. तो स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाच."

मुलीनं झाडांवरून बोट फिरवलं. "चारच दिसतात की."

"न्हाई बाई, पाच. मी मोजलेली हायेत."

"चार आहेत आबा. बघा ना."

तो पुढं गेला. पहिल्या झाडाला हात लावला, दुसऱ्याला, तिसऱ्याला, बांधावरच्या चौथ्याला. मग विहिरीकडं वळला आणि तिथं थांबला. गुडघ्याएवढा खुंट होता, त्यावर शेवाळ आलं होतं. रोज त्याच्या बाजूनं जात होता तो. रोज पाणी काढत होता. आणि मनात मोजताना ते झाड त्यानं कधीच वजा केलं नव्हतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "महिपतीभाऊ बी वाढवून सांगाया लागले की आता." आणि सगळे हसले. गेणूही हसला.

काय सांगणार? कोण ऐकणार? महिपती खुंटाजवळ उभा राहिला, तोंड उघडून, हात पुढं करून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी पाहिलं नव्हतं. हसणं थांबलं.

तेव्हा कैलास पुढं आला.

"मॅडम, पाचवं व्हतं. हितं, हिरीजवळ. मी बघितलंय. माझ्या आईनं लावलेलं. तिच्या सरणाला मीच तोडलं."

मुलगी अवघडली. "अहो, पण खुंटाचं काही मिळत नाही."

"मिळावं म्हणून न्हाई सांगत," कैलास म्हणाला. "व्हतं, येवढंच सांगतोय. माझा बाप खोटं बोलला न्हाई."

व्हतं. हे एवढं एकच ऐकायला कैलास पाच वर्षं तहानला होता. दिल्लीनं म्हटलं नाही, वाडीनं म्हटलं नाही, आणि ज्या बापानं डोळ्यांनी फोटो पाहिला होता त्याचं म्हणणं आता कुणी धरत नव्हतं. आणि तोच शब्द कैलासनं भर माणसांत उचलून बापाला दिला. महिपतीला ते सोसवेना. त्यानं मुलाचा काट्यांनी ओरखडलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तो वाडीकडं, गेणूकडं, त्या परक्या मुलीकडं बघत म्हणाला, "दोन व्हती. मी बघितल्यात. दोन व्हती."

मुलीला काहीच कळलं नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "दोन नाही आबा, चार," आणि तिनं चार लिहिलं.